उसने अंतराळ : ‘इंद्रजाल’मधला फ्लॅश गॉर्डन

मराठी बालसाहित्याचे इतिहास चाळून पाहावेत. बालकवितेला त्यांत प्रकरण असते, बालनाट्याला असते, परीकथा, शौर्यकथा, चातुर्यकथा यांनाही आपापला पाट मांडलेला असतो. चित्रकथेला मात्र बहुधा एखादेच वाक्य मिळते आणि त्या वाक्यात ‘अनुकरण’ हा शब्द हटकून येतो. आज पन्नाशी-साठीत असलेल्या पिढीच्या शाळाबाहेरच्या दुपारी ज्या वाचनाने व्यापल्या होत्या, ते वाचन समीक्षेच्या खिसगणतीतही नसावे, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटत आले आहे. वाईट म्हणायचे तर वाईट म्हणा, पण आधी वाचून मग म्हणा.

या लेखात मी ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधल्या एकाच नायकाविषयी लिहिणार आहे. वेताळाविषयी नव्हे, त्याचे भक्त पुष्कळ आहेत आणि ते आपले काम चोख करतात. जादूगार मँड्रेकविषयीही नव्हे. या दोघांच्या मधून अधूनमधून डोकावणारा, रॉकेटमध्ये बसून परग्रहावर जाणारा फ्लॅश गॉर्डन हा माझा विषय. मराठी मुलांच्या हाती चित्ररूपाने नियमितपणे आलेला हा बहुधा एकमेव अंतराळवीर. तो आला, काही वर्षे राहिला आणि मालिका बंद पडताच असा नाहीसा झाला की त्याच्या नावाने मराठीत एक म्हणसुद्धा उरली नाही. हे असे का झाले?

आधी प्रकाशनाची बाजू पाहू, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे. ‘इंद्रजाल’ची सुरुवात मार्च १९६४ मध्ये मुंबईत झाली. प्रकाशक बेनेट कोलमन आणि कंपनी, म्हणजे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चा छापखाना. त्या आधी चारच महिने, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळातल्या थुंबा येथून भारतभूमीवरचे पहिले रॉकेट आकाशात गेले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी कसलाही संबंध नाही, आणि माझ्या मते तीच दुःखाची गोष्ट आहे. थुंब्याला रॉकेटचे भाग सायकलवरून नेले जात होते, रिकाम्या केलेल्या चर्चमध्ये शास्त्रज्ञ बसत होते. इतके चित्रमय साहित्य घराच्या अंगणात पडलेले असताना मुंबईच्या प्रकाशकाने रॉकेट आणले ते न्यूयॉर्कहून.

पण यात प्रकाशकाला दोष देण्याआधी त्याचे गणित समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत ‘सिंडिकेट’ नावाची एक व्यवस्था आहे. किंग फीचर्स ही त्यांतली बलाढ्य संस्था. ती चित्रकाराकडून रोजची चित्रपट्टी काढून घेते आणि तीच पट्टी देशोदेशींच्या शेकडो वर्तमानपत्रांना विकते. चित्रकाराचा मेहनताना, कथालेखकाचे पैसे, हा सारा खर्च अमेरिकेतच वसूल झालेला असतो. मग मुंबईच्या छापखान्याला उरते काय? हक्काची रक्कम, भाषांतर, फुग्यांतली अक्षरे आणि कागद. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर ही सगळी मंडळी अशी तयार माल म्हणून आली. चित्र एकदा रंगवून घेतले की तेच इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, कन्नड अशा अनेक भाषांना चालते. बदलायचा तो फक्त फुग्यातला काळा मजकूर. म्हणूनच सुरुवातीच्या अंकांवर साठ पैसे किंमत लिहिणे परवडले. मराठीतल्या एखाद्या प्रकाशकाने स्वतःचा लेखक, स्वतःचा चित्रकार आणि चाररंगी छपाई घेऊन केवळ मराठी मुलांसाठी असा अंक काढायचे ठरवले असते, तर साठ पैशांत त्याला मुखपृष्ठही परवडले नसते.

पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे. त्यानंतर इतर नायकांची आलटून-पालटून वर्णी लागू लागली आणि त्यांत फ्लॅश गॉर्डन आला. मासिक म्हणून निघालेली मालिका पुढे पाक्षिक झाली, ऐंशीच्या दशकात साप्ताहिक झाली. मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया काढीत. म्हणजे आवरण देशी आणि आतला मजकूर परदेशी. ब्राह्मणियांच्या त्या मुखपृष्ठांविषयी कोणीतरी स्वतंत्र लिहिले पाहिजे. आतल्या पानांवर कधी कधी जे नाट्य नसे, ते या मुखपृष्ठावर असे, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आता मूळ फ्लॅश गॉर्डनकडे वळू. ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकेतल्या रविवारच्या पुरवण्यांत तो अवतरला. त्याचा चित्रकार अलेक्स रेमंड. त्याच्या पाच वर्षे आधी बक रॉजर्स नावाचा भविष्यकाळातला वीर एका प्रतिस्पर्धी संस्थेने लोकप्रिय केला होता. त्याला उत्तर म्हणून किंग फीचर्सने हा वीर घडवून घेतला. म्हणजे जन्मापासूनच तो बाजाराच्या गरजेचे अपत्य. पण बाजारासाठी केलेली वस्तू सुंदर असूच नये असा काही नियम नाही. रेमंडची रेषा पाहिली की हे पटते. पळणारा माणूस, वाऱ्यावर उडणारे वस्त्र, दरीवर तोललेला किल्ला, यांचे त्याने केलेले रेखाटन आजही चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आहे. ‘इंद्रजाल’मध्ये गुप्तहेर म्हणून येणारा रिप किर्बी हाही याच रेमंडचा, १९४६ सालचा मानसपुत्र. रेमंड १९४४ पर्यंतच फ्लॅश गॉर्डनबरोबर राहिला. १९४८ पासून रविवारची पाने मॅक रेबॉयने काढली, रोजची पट्टी १९५१ पासून डॅन बॅरीने घेतली आणि १९६७ नंतर रविवारही त्याच्याकडे आला. बॅरीच्या काळात काही वर्षे कथानके हॅरी हॅरिसन या नामवंत विज्ञानकथाकाराने लिहिली. बॅरीची यंत्रे खरी वाटतात. त्याचे अंतराळयान हे कोणीतरी अभियंत्याने आराखडा काढून बनवले असावे असे दिसते. रेमंडची याने स्वप्नातली होती, बॅरीची कारखान्यातली. मला दोन्ही आवडतात. पण मुलांना बॅरी जवळचा वाटावा हे स्वाभाविक होते, कारण १९६९ च्या जुलैत माणूस चंद्रावर उतरल्याची छायाचित्रे त्यांनी पाहिली होती आणि बॅरीचे यान त्या छायाचित्रांच्या भाऊबंदांतले होते.

कथेची मूळ बैठक आठवावी. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीच्या दिशेने येत आहे. जग हादरले आहे. झारकोव्ह नावाचा अर्धवट वेडा, अर्धवट थोर शास्त्रज्ञ आपल्या रॉकेटमध्ये फ्लॅश आणि डेल आर्डन या तरुणीला बळेच कोंबतो आणि मोंगोकडे झेपावतो. तिथे मिंग नावाचा क्रूर सम्राट. हा मिंग म्हणजे १९३० च्या दशकातल्या अमेरिकेने पूर्वेकडच्या माणसाविषयी मनात धरलेली भीती: पिवळा वर्ण, लांब मिशा, तिरपे डोळे. परग्रहावर जाऊनही गोऱ्या माणसाला शत्रू सापडला तो आशियाई चेहऱ्याचा! आपल्याकडे हे अंक आले ते १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर, त्यामुळे त्या चेहऱ्याविषयी कोणी ब्र काढला नाही. उलट तो सोयीचाच वाटला असेल. पण डोळसपणे पाहता, मोंगोवरच्या त्या दरबारात आपण कोणत्या बाजूला उभे असतो, हा प्रश्न मराठी वाचकाने विचारायला हवा होता. नायक येल विद्यापीठाचा पदवीधर आणि पोलोपटू. आमच्या मुलांना पोलो म्हणजे गोळी ठाऊक.

हे झाले आशयाचे. ‘इंद्रजाल’ने त्याला दिलेले रूप हा वेगळाच मुद्दा आहे आणि माझी मुख्य तक्रार तिथे आहे. रोजच्या चित्रपट्टीला एक चाल असते. तीन-चार चौकटी, पहिलीत कालची आठवण, शेवटचीत उद्याची ओढ. अशा ऐंशी-नव्वद पट्ट्या एकत्र करून तीसेक पानांची पुस्तिका करायची तर कात्री चालवावीच लागते. आठवणीच्या चौकटी गेल्या तर हरकत नाही, त्या जायलाच हव्यात. पण पानात बसवण्यासाठी चित्रांच्या कडा छाटल्या जात, काही चौकटी साफ गळत, आणि मूळच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर इथे सपाट रंग चढत. वेताळाचे अशा कापाकापीने फारसे बिघडत नाही, कारण वेताळाची ताकद दंतकथेत आहे. कवटीची गुहा, चारशे वर्षांची वंशपरंपरा, अंगठीचा ठसा, एवढे सांगितले की काम होते. चित्र थोडे कमी-जास्त झाले तरी चालते. फ्लॅश गॉर्डनचे मात्र सगळे वैभव चित्रातल्या मोकळ्या जागेत. एका कोपऱ्यात चिमुकले यान आणि बाकी सगळा काळोख, हीच तर अंतराळाची कथा! ती मोकळी जागा ‘वाया गेलेली’ समजून कापली की उरतो तो एक घट्ट कपड्यातला पहिलवान, बटणे दाबणारा. ‘इंद्रजाल’मधला फ्लॅश गॉर्डन मुलांना थोडा कंटाळवाणा वाटे, त्याचे कारण मुलांच्या रुचीत शोधू नये, कात्रीत शोधावे.

भाषांतराविषयीही दोन शब्द. फुग्यांची मापे इंग्रजी अक्षरांवरून ठरलेली. इंग्रजी मोठी अक्षरे एका रांगेत शिस्तीने उभी राहतात. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते. साहजिकच भाषांतरकाराला शब्द आखडते घ्यावे लागत. शिवाय एकट्या ‘यू’चे मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन घरांत वाटप करायचे! सम्राटाला शत्रूने अरे-तुरे करावे काय, प्रियकराला डेलने अहो-जाहो करावे काय, हे सगळे त्या बोटभर जागेत ठरवायचे. ज्यांची नावे अंकावर क्वचितच कोणी वाचली असतील अशा त्या भाषांतरकारांनी मुलांना शुद्ध, शाळेच्या पुस्तकाला शोभेल अशी मराठी दिली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. कॉमिक्स वाचून मुलांची भाषा बिघडते असे म्हणणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी ते अंक उघडून पाहिले नसावेत. उलट त्या भाषेत शिवी नव्हती, बोली नव्हती, घरगुती लकब नव्हती, हाच तिचा उणेपणा.

पण भाषांतरातला सर्वांत मोठा निर्णय एकाच शब्दाचा होता, आणि तो फ्लॅश गॉर्डनच्या वाट्याला आला नाही. ‘फँटम’ला मराठीत ‘वेताळ’ म्हटले गेले. वरवर साधे भाषांतर. पण पाहा, त्याने काय केले! आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याकडे गेले की आरवलीचा वेतोबा आहे. तो रात्री गावाच्या हद्दीवर फिरतो, राखण करतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात. गोव्यात, कोकणात, आपल्याही मुलखात वेताळाची ठाणी ठिकठिकाणी आहेत. आणि ली फॉकच्या मूळ फँटमची ख्याती काय? चालणारे भूत! जंगलाची राखण करणारा, न मरणारा, पिढ्यान् पिढ्या फिरणारा. भाषांतरकाराने जाणून केले की नकळत, हे सांगता येत नाही. पण अमेरिकन नायकाला त्याने आमच्या गावकुसावरच्या देवाच्या वहाणा चढवल्या. त्यामुळे तो परका राहिलाच नाही. संपादकही सावध होते. मूळ कथेतल्या ‘बंगाल’शी साम्य असणाऱ्या देशाचे नाव त्यांनी बदलून ‘डेंकाली’ केले, म्हणजे भूगोलाचा घोळ मिटला आणि कोणाचे मनही दुखावले नाही.

फ्लॅश गॉर्डन मात्र फ्लॅश गॉर्डनच राहिला. त्याला कोणी ‘विद्युत’ म्हटले नाही, ‘नभोवीर’ म्हटले नाही. झारकोव्ह झारकोव्ह, मोंगो मोंगो. आता, नाव बदलले असते तर तो रुजला असता काय? नुसत्या नावाने नव्हे. वेताळाच्या नावामागे एक गावदेव उभा होता. फ्लॅशच्या मागे उभे राहायला आपल्याकडे कोण होते? पुष्पक विमान आहे, त्रिशंकू आहे, ध्रुव आहे, सप्तर्षी आहेत. आकाशाची पुराणे आपल्याकडे काही थोडी नाहीत. पण त्या आकाशात माणूस यंत्र घेऊन जात नाही. तपाने जातो किंवा वराने जातो. उत्तर भारतातल्या प्राण यांनी आपल्या चाचा चौधरीत हा प्रश्न मोठ्या खुबीने सोडवला. त्यांचा साबू हा गुरू ग्रहावरून आलेला महाकाय प्राणी, पण तो चाचीच्या हातचे पराठे खाऊन पृथ्वीवरच राहतो. अंतराळ कथेत येते आणि स्वयंपाकघरात जेवायला बसते. हिंदी वाचणाऱ्या आमच्या मुलांना साबू चटकन् समजला. समीक्षक म्हणून मी म्हणेन की साबूत अंतराळाचा धाक नाही, विस्मय नाही. तो विस्मय हवा तर फ्लॅश गॉर्डनच वाचावा. पण घरात घेण्याची कला प्राणांना साधली, ती ‘इंद्रजाल’ला साधली नाही.

आता आपल्या भागाकडे येतो. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात ‘इंद्रजाल’ वाचण्याला एक वेगळा पदर होता, तो पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायचा नाही. इथे एकाच रद्दीवाल्याकडे, एकाच बसस्थानकावरच्या टपरीत, मराठी आणि कन्नड अंक शेजारी शेजारी लटकत. काकतीहून बेळगावला बाजाराला गेलेला मुलगा परत येताना जो अंक भाड्याने मिळेल तो आणी. मराठी संपलेले असले तर कन्नड. चित्र तेच, चौकटी त्याच, फक्त फुगा वेगळा. आधी मराठीत वाचलेला अंक कन्नडमध्ये हाती पडला की गोष्ट पाठ असल्यामुळे अक्षरे आपोआप लागत. कितीतरी मराठी मुलांनी कन्नड लिपीशी पहिली खेळीमेळीची ओळख अशी करून घेतली आहे, आणि शेजारच्या कन्नड घरांतल्या मुलांनी आपल्या लिपीशी. मोर्चे, ठराव, खटले हे सारे आपल्या जागी आहे आणि त्याविषयी या अंकात इतरत्र लिहिलेले असेलच. मुलांच्या अदलाबदलीला त्याचा अडथळा कधी झालेला मी पाहिला नाही.

यात अंतराळकथेचा एक खास गुण आहे, जो मला पुष्कळ वर्षांनी, वर्गात शिकवताना लक्षात आला. घरातले शब्द दोन्ही भाषांत दूर दूर आहेत. आपले घर, त्यांचे मने. आपले पाणी, त्यांचे नीरु. आपला तांदूळ, त्यांची अक्की. पण मान वर केली की आकाश दोघांचे आकाशच. सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्र, भूमी, इतकेच काय, गुरुत्वाकर्षणसुद्धा. संस्कृतातून आलेले हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेषात वावरतात. म्हणून रानातली किंवा घरातली कथा वाचताना जो कन्नड फुगा मुलाला अडवी, तोच अंतराळकथेत त्याला निम्मा समजलेला असे. सीमाभागातल्या मुलासाठी यापेक्षा चांगले पाठ्यपुस्तक कोणते? पण हा उपयोग प्रकाशकाच्या ध्यानीमनीही नव्हता. त्याने छपाईची बचत म्हणून एक चित्र अनेक भाषांना जोडले आणि आम्हांला ते अनायासे मिळाले.

मग मराठीने आपला अंतराळवीर का निर्माण केला नाही? आडात नव्हते म्हणून पोहऱ्यात आले नाही, असे म्हणावे तर ते खोटे आहे. आडात भरपूर होते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा नावांनी मराठी केले होते. ती भाषांतरे वाचताना व्हर्न सदाशिव पेठेत राहत असावा असे वाटते. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि बक्षीस मिळवले. १९७९ मध्ये त्यांची ‘यक्षांची देणगी’ आली, १९८३ मध्ये ‘प्रेषित’. कोल्हापुरात जन्मलेला, जगाने मानलेला खगोलशास्त्रज्ञ मुलांसाठी मराठीत लिहितो आहे, असे भाग्य किती भाषांना लाभते? २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलांनी त्यांची नावानिशी आठवण काढली, ती एका धड्यामुळे नव्हे तर ग्रंथालयातल्या फाटक्या पुस्तकांमुळे.

चित्रकार नव्हते म्हणावे, तर तेही नाही. फास्टर फेणेला चेहरा देणारे राम वाईरकर होते. पुण्याचे प्रताप मुळीक होते. मुळिकांच्या कुंचल्याची धाव पाहा: ‘अमर चित्रकथे’तले शिवाजी महाराज आणि पुराणपुरुष, १९८० च्या दशकात अमिताभ बच्चनला नायक करून निघालेला आणि दोनेक वर्षांतच मिटलेला ‘सुप्रीमो’, दिल्लीच्या राज कॉमिक्सचा १९८६ चा ‘नागराज’. पुण्यात बसलेला मराठी चित्रकार दिल्लीसाठी हिंदी नायक काढतो, मुंबईसाठी इंग्रजी नायक काढतो. मराठी प्रकाशक त्याच्याकडून मराठी नायक मागत नाही! एकीकडे नारळीकर, एकीकडे मुळीक, दोघांचेही कर्तृत्व पुण्याशी जोडलेले. दोघांची एका पानावर गाठ घालून देणारा तिसरा माणूस तेवढा निघाला नाही.

तो तिसरा माणूस कसा असतो, याचे उदाहरण याच ‘इंद्रजाल’च्या इतिहासात आहे. कारकळचे अनंत पै. १९५४ मध्ये त्यांनी ‘मानव’ नावाचे मुलांचे मासिक काढून पाहिले, ते चालले नाही. पुढे ‘टाइम्स’च्या ग्रंथविभागात असताना ‘इंद्रजाल’च्या जन्माशी त्यांचा संबंध आला. तिथून बाहेर पडून १९६७ मध्ये त्यांनी इंडिया बुक हाऊसबरोबर ‘अमर चित्रकथा’ उभी केली. तिचे मूळ आपल्या राज्यात आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते: १९६५ च्या सुमारास बेंगळूरहून निघालेले पहिले दहा अंक कन्नड होते आणि त्यांत परदेशी परीकथा होत्या. अकराव्या अंकात कृष्ण आला, त्याची चित्रे वाईरकरांची, आणि मग मागे वळून पाहण्याची गरज पडली नाही. पैंनी एक गोष्ट अचूक ओळखली. ‘इंद्रजाल’ हे नियतकालिक होते. आठवडा उलटला की अंक रद्दी. ‘अमर चित्रकथा’ हे पुस्तक होते. कृष्ण शिळा होत नाही, तो तीस वर्षांनीही छापता येतो. अंतराळकथेचे नेमके उलटे. मंगळावर नगरे आणि राण्या दाखवणारी चित्रकथा १९६४ मध्ये काढली असती तर १९६५ च्या जुलैत मरिनर-४ या यानाने पाठवलेल्या खळगेदार, ओसाड मंगळाच्या छायाचित्रांनी ती जुनी ठरवली असती. उरलेसुरले १९७६ च्या व्हायकिंगने पुसले असते. विज्ञान पुढे जाते आणि विज्ञानकथेचा साठा गोदामात मरतो. मराठी प्रकाशक भित्रा होता असे मी म्हणत नाही. तो हिशेबी होता, आणि त्याचा हिशेब कागदावर बरोबर होता.

या हिशेबात आम्हां शिक्षकांचाही वाटा आहे. पैंनी आपली पुस्तके शाळांच्या दारातून आत नेली, मुख्याध्यापकांना भेटले, चित्रकथा शिक्षणाचे साधन आहे हे पटवून दिले. राम, कृष्ण, शिवाजी, राणी लक्ष्मीबाई पावती फाडून ग्रंथालयात आले. काकतीची माहेरवाशीण कित्तूरची चन्नम्मा हिची थोरवी तर या गावच्या मुलांना पुस्तकाविनाही ठाऊक आहे. ती चित्रांत यावी यात कोणाला काय हरकत? पण फ्लॅश गॉर्डन मुलांच्या दप्तरातून, वहीच्या आड, चोरपावलांनी आला आणि जप्त होऊन कपाटात गेला. चारित्र्याला शाळेचे दार उघडे, कुतूहलाला बंद, अशी ती वाटणी होती. आपण विज्ञान प्रदर्शने भरवली, ज्वालामुखीच्या प्रतिकृतीतून सोड्याचा फेस काढला, पण ज्या पुस्तिकेत मुलगा स्वतः होऊन ‘वजनहीनता म्हणजे काय’ असे विचारायला लागला होता, ती पुस्तिका आपण शत्रू मानली.

प्रयत्न झालाच नाही असेही नाही. डिसेंबर १९७६ मध्ये ‘इंद्रजाल’ने आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आणला, चित्रे ब्राह्मणियांचीच. डाकूचा मुलगा, नागरिक सुरक्षा दल उभारणारा, जीन्सवर कुडता घालणारा हा नायक अस्सल इथला होता आणि लोकांना तो आवडला. म्हणजे देशी नायकाला वाचक आहे हे सिद्ध झाले. पण तोही चंबळच्या मातीचा. वर पाहणारा नव्हे. वर पाहायचे काम फ्लॅशकडे, नाही तर अधूनमधून मँड्रेककडे राहिले. १९७५ मध्ये आर्यभट उपग्रह गेला, ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात पोचले, देशभर मुले त्यांची चित्रे कापून वहीत चिकटवीत होती. त्या वर्षी एखादा मराठी शर्मा, कोणी शिंदे, कोणी पाटील, चौकटीत बसून सॅल्यूट यानात गेला असता तर? पण ‘इंद्रजाल’ला तशी गरज भासली नाही, अमेरिकेहून तयार माल येत होता.

आणि मग माल घेणाराच उठला. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ आले, १९८७ मध्ये ‘रामायण’, १९८८ मध्ये ‘महाभारत’. रविवारची सकाळ चित्रपट्टीच्या हातून गेली. आठशेहून थोडे अधिक अंक काढून ‘इंद्रजाल’ १९९० मध्ये थांबले. एका मोठ्या कंपनीच्या ताळेबंदातला एक लहान विभाग बंद झाला, इतकेच. वेताळ लोकांच्या तोंडी राहिला. कारण त्याला आधीपासूनच इथे घर होते. फ्लॅश गॉर्डनचे भाड्याचे बिऱ्हाड होते, ते हलले. आज ते अंक संग्राहकांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मूळ किमतीच्या कैक पटींनी विकले जातात. मुलांच्या हाती ते नाहीत आणि असावेत असा माझा आग्रहही नाही. मिंगचा तो चेहरा, डेलने प्रत्येक संकटात किंचाळायचे, हे आजच्या मुलीच्या हाती देताना मी दहा वेळा विचार करीन.

मात्र प्रकाशकाचा जुना हिशेब आज तसा उरलेला नाही. ब्लॉकचा खर्च गेला. चित्र संगणकावर रंगवता येते, फुगा मराठी अक्षराच्या उंचीने आखता येतो, आणि एकाच चित्रात मराठी फुगा काढून कन्नड घालणे हे पाच मिनिटांचे काम आहे. विषयांची तर वाण नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे उतरला, २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले. काकतीच्या फाट्यावरून जो हमरस्ता जातो, त्याच्या एका टोकाला नारळीकरांचे पुणे आहे आणि दुसऱ्या टोकाला इस्रोचे बेंगळूर. गोष्ट दररोज आपल्या दारावरून जाते आहे. पुढल्या दिवाळीला या अंकात चार पाने अंतराळाच्या चित्रकथेसाठी राखावीत, दोन मराठी फुग्यांची आणि तीच दोन कन्नड फुग्यांची, असे मी संपादकांना सुचवले आहे. रंगीत कागदाला जाहिरातदार कोण देणार, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. नाही म्हटलेले नाही.